टायर स्वस्त झाले, मग स्टिअरिंग का थरथरतंय?

22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या नवीन टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी 5,000 रुपयांचा टायर 6,400 ऐवजी 5,900 ला मिळायला हवा. भोरला आमच्या घरीही त्या दिवाळीत पुढचे दोन टायर बदलले. दुकानात टायर चढवले, हवा भरली, झालं काम. बॅलन्सिंगचं मशीन तिथे नव्हतंच.

वेल्ह्याच्या रस्त्यावर 40-50 च्या स्पीडला गाडी मस्त चालली. नसरापूरहून हायवेला लागलो, 80 पार केलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. पप्पा म्हणाले, "रस्ता खराब असेल." रस्ता तर चांगला होता.

उत्तर तुमच्या खिशात आहे

बऱ्याच स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये व्हायब्रेशनसाठी छोटी मोटर असते. तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड असा तुकडा बसवलेला असतो. मोटर फिरली की फोन थरथरतो. बॅलन्स नसलेलं चाक म्हणजे हीच मोटर, फक्त मोठी आणि नको असलेली.

15 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक आहे असं धरा. ताशी 100 किमीला ते 30 ग्रॅम साधारण 5 किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतात, तेही सेकंदाला जवळपास 15 वेळा. 50 ला हाच जोर सव्वा किलोवर येतो, कारण स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर काही कळत नाही.

स्क्रीन गप्प का बसते?

नव्या गाड्यांमधलं टीपीएमएस टायरमधली हवा मोजतं, बॅलन्स नाही. त्यामुळे वॉर्निंग येत नाही. टायर मात्र ठिकठिकाणी झिजत राहतो, बेअरिंग आणि सस्पेन्शनवर ताण येतो. असा झिजलेला टायर पावसाळ्यात वरंधा घाटात नको.

फोनने अंदाज घ्या

'फायफॉक्स' हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे. त्यात ॲक्सिलरेशनचा स्पेक्ट्रम दिसतो. फोन डॅशबोर्डवर पक्का बसवा. ॲप शेजारी बसलेल्याने बघायचं, ड्रायव्हरने नाही. 80 ला 12 हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं आणि 100 ला ते 15 कडे सरकलं, तर संशय चाकावर. स्पीड बदलूनही टोक जागचं हललं नाही, तर कारण दुसरं असू शकतं.

दुकानात जाण्याआधी

- रिमच्या आतल्या बाजूचा चिखल धुवा. भातखाचरांजवळच्या रस्त्यांवर तो चिकटून वाळतो आणि तेवढ्यानेही बॅलन्स बिघडतो.
- नवीन टायर बसवला, पंक्चरसाठी टायर रिममधून काढला किंवा चाक खड्ड्यात जोरात आदळलं, की बॅलन्सिंग करा.
- गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट. ते वेगळं काम आहे.
- रिम वाकलं असेल किंवा टायरला फुगा आला असेल, तर बॅलन्सिंगने भागणार नाही.

आम्ही पुढच्या दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. रिमला छोटी वजनं लागली आणि थरथर थांबली. जीएसटीत वाचलेले पैसे त्याला पुरून उरले. टॅक्स कमी करणं सरकारच्या हातात होतं, ही शेवटची पायरी आपल्याच हातात आहे. टायरचं बिल देण्याआधी एवढंच विचारा: "बॅलन्सिंग केलं का?"