डोळ्यांखालचे पांढरे दाणे आणि शेजारची ट्यूब

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या दोन्ही डोळ्यांखाली राजगिऱ्याएवढे सात-आठ पांढरे, टणक दाणे होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते. "डॉक्टर, पंधरा दिवसांनी पाहुणे बघायला येणार आहेत. तेवढ्यात घालवून द्या," असे म्हणत बाईंनी पर्समधून एक ट्यूब काढली. "ही दोन महिने लावतोय, पण दाणे वाढलेच उलट."

त्या ट्यूबकडे नंतर वळू.

या दाण्यांना आम्ही मिलिया म्हणतो. कोणी म्हणते अंगातली उष्णता बाहेर पडते, कोणी म्हणते पोट साफ नाही. दोन्ही खरे नाही. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे बनतात, तेच केराटिन कातडीच्या वरच्या थराखाली बारीकशा पिशवीत अडकून बसते, एवढीच ही गोष्ट. आत पू नसतो आणि दाण्याला तोंडही नसते. म्हणून कितीही दाबले तरी काही बाहेर येत नाही, डाग मात्र पडतो. एकाचे दुसऱ्याला होत नाहीत आणि कॅन्सरशीही त्यांचा संबंध नाही.

नवजात बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या नाकावर, गालांवर असे दाणे दिसतात. काही आठवड्यांत आपोआप जातात. आजीबाईंना माझी हात जोडून विनंती आहे, की डाळीचे पीठ लावून ते घासू नका.

मोठ्या माणसांत ते महिनोन्‌महिने राहतात. राहू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नकोच असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते निर्जंतुक सुईने वरची कातडी किंचित उघडून आतला मणी काढतात. काही मिनिटांचे काम, टाका नाही. पुन्हा येऊ शकतात, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. घरची सुई, दाढीचे ब्लेड, चुना, लिंबू यांतले काही तिथे नको. डोळ्याखालची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातडीपैकी आहे आणि तिच्यापासून डोळा बोटभरही लांब नाही. ब्यूटी पार्लरमध्येही हे काम करून घेऊ नये. एकच सुई कोणाकोणाला टोचली गेली, हे कोण सांगणार?

होऊच नयेत म्हणून खात्रीचा उपाय नाही. रात्री मेकअप धुऊन झोपावे, डोळ्यांखाली दाट, तेलकट क्रीम थापू नये, डोळे चोळू नयेत, उन्हात छत्री घ्यावी. इतके पुरे.

पण डोळ्याजवळचे सगळेच मिलिया नसतात. नाकाकडच्या कोपऱ्याजवळ पापणीवर पिवळसर, चपटा चट्टा दिसला तर लगेच रक्तातील चरबी तपासून घ्या. असे चट्टे असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांची चरबी वाढलेली निघते. माझ्याकडे एक गृहस्थ चष्म्याचा डाग समजून दोन वर्षे तो चट्टा घेऊन फिरत होते. तपासणीत कोलेस्टेरॉल भरपूर निघाले. अशा वेळी तोंडावरच्या डागापेक्षा हृदयाची काळजी मोठी.

आता ती ट्यूब. तिच्यात स्टिरॉइड होते. असे मलम तोंडावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, लाल पडते, शिरा दिसू लागतात, आणि बंद करताच चेहरा पुरळाने भरतो. त्यानेच मिलिया उठतात, असेही होते. डोळ्यांभोवती लावत राहिल्यास डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. चार दाण्यांपायी नजर पणाला लावायची का? 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी आपल्याकडे "तोंडावर लावायची ती ट्यूब द्या" म्हटले की दुकानदार पुडीत बांधून देतो. लोक त्याला गोरे होण्याचे क्रीम समजतात.

बाईंना विचारले, "ताई, ही कोणी दिली?" म्हणाल्या, "शेजारच्या वहिनींची आहे. त्यांना गुण आला होता." सोबत घडी करून जपलेली चिठ्ठीही होती. उघडून पाहिली तर अक्षर माझेच! चार वर्षांपूर्वी त्या वहिनींच्या मानेवरच्या इसबासाठी मी दहा दिवसांकरता ते मलम लिहून दिले होते. तीच चिठ्ठी चार वर्षे गल्लीत फिरत होती. दुकानदाराने तारीख पाहिली नाही हे खरे, पण "दहा दिवसांनी बंद" हे शब्द मीही लिहिले नव्हते. तोंडी सांगितले असेल, आठवत नाही.

मुलीला ट्यूब हळूहळू कशी थांबवायची ते लिहून दिले, डोळ्यांचा दाब तपासायला पाठवले. तो ठीक निघाला. पाहुणे आले तेव्हा दाणे होते तसेच होते. चिठ्ठी मी ठेवून घेतली. हल्ली स्टिरॉइडचे मलम लिहिले की खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, किती दिवस आणि कोणाच्या कुठल्या अवयवाला, ते लिहितो आणि वाचून दाखवायला लावतो. माझा कंपाउंडर हसतो, पण लावतो.