ढोलीचा हिशेब

महाराष्ट्रातील शहरांत दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पावसाळापूर्व वृक्षछाटणीची धांदल उडते. बुंध्यावर ढोली दिसली की 'धोकादायक' असा शेरा पडतो आणि पाऊणशे वर्षे उभे असलेले झाड दोन-चार तासांत ओंडके होऊन मालमोटारीत चढते. नेमका हाच काळ राखी धनेशाच्या विणीचा असतो. धनेशाची मादी ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते; उरलेल्या फटीतून नर तिला व पिल्लांना भरवीत राहतो. झाड कोसळले की आतल्यांना पळायला वाट नसते. सरकारी कागदावर मात्र नोंद होते ती एका झाडाची.

नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा कायदा राज्यात 1975 साली झाला. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हटले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. वयाची दखल घेतली गेली, हे स्वागतार्हच. परंतु साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपे लावली, तरी त्यांपैकी एकातही उद्या ढोली असणार नाही. फांदी मोडते, बुरशी आतला गाभा पोखरते, सुतार वा तांबट पक्षी मेलेल्या लाकडात कोरीव काम करतो. मग ज्यांना स्वतः कोरता येत नाही असे पोपट, पिंगळे, दयाळ आणि साळुंक्या तेथे बिऱ्हाड थाटतात. अनेक दशकांची ही घडण कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

चळवळीतील काहींचा यावर आक्षेप असतो. माणसांना छप्पर नाही तिथे पोपटाच्या घराची चिंता हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे ते म्हणतात. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. झाड कोसळते तेव्हा त्याखाली सापडण्याची पाळी सावलीत दुकान मांडणाऱ्या चांभारावर, फेरीवाल्यावर आणि रिक्षाचालकावर येते. सुरक्षिततेचा प्रश्न प्रथम त्यांचा आहे. पण झाड धोकादायक केले कुणी? बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते, केबलसाठी चर खणताना मुळे तोडली जातात, आणि मग झाडालाच आरोपी ठरवले जाते. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला 2013 मध्ये द्यावा लागला, तो याच कारणासाठी.

शिवाय ढोली म्हणजे मृत्युलेख नव्हे. खोडाचा गाभा जिवंत झाडातही मृतच असतो. पाणी वाहून नेतात ते बाहेरचे थर. पोकळ बांबू वादळात टिकतो. भोवतीचे निरोगी लाकूड किती जाड आहे आणि मुळे शाबूत आहेत की नाहीत, यावर झाडाचे बळ ठरते. ते तपासावे लागते. रस्त्यावरून नजर टाकून कळत नाही.

तपासणीनंतर करण्याजोगे पुष्कळ असते. जड फांद्या उतरवाव्यात, उंची इतकी कमी करावी की खोड पडलेच तर रस्त्यापर्यंत पोहोचू नये, आणि ढोलीसह बुंधा उभा ठेवावा. उद्याने, टेकड्या, स्मशानभूमी आणि महाविद्यालयांची आवारे येथे पूर्ण वाळलेली झाडेही अशीच राखता येतील. ब्रिटन-अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. भर रस्त्यावरील झाडाची मुळे कुजली असतील तर ते तोडलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ढोली रिकामी झाल्याची खात्री करून. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मृत आणि उन्मळून पडलेली झाडे हलवण्यास मनाई केली. अभयारण्याच्या सीमेआत जे वाळके झाड वन्यजीवांचा आसरा ठरते, तेच शहराच्या वेशीत शिरताच कचरा कसे ठरते?

याचे उत्तर कंत्राटात शोधले पाहिजे. जिथे तोडलेल्या झाडांच्या संख्येवर बिल निघते किंवा लाकूड कंत्राटदाराच्या पदरात पडते, तिथे बुंधा राखण्यात त्याला कसला रस? आणि कमरेला दोर बांधून शेंड्यापर्यंत चढणारा रोजंदारीवरचा मजूर प्रशिक्षणावाचून आणि विम्यावाचून जीव टांगणीला लावतो. झाड पाडायला करवत पुरते. झाड राखायला कसब लागते, आणि कसबी माणूस टिकतो तो कायम नोकरीत. धनेशाची ढोली आणि मजुराची भाकर अशी एकाच निविदेत अडकली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कायद्याने ठरवलेल्या पंचवार्षिक वृक्षगणनेत ढोलीची स्वतंत्र नोंद व्हावी. तातडीचा धोका नसेल तर मोठी छाटणी पावसाळ्यानंतर, ढोल्या तपासूनच व्हावी. तोडीचा मोबदला आणि लाकडाची मालकी यांची फारकत व्हावी. वृक्षकामगारांना प्रशिक्षण, विमा आणि कायम नोकरी मिळावी.

यांतील एकही मागणी महापालिकेच्या ऐपतीबाहेरची नाही. कार्यकर्त्यांनी वॉर्ड कार्यालयात जाऊन छाटणीची निविदा मागावी, ती वस्तीत वाचून दाखवावी, आणि झाडावर चढणाऱ्या मजुराला त्या सभेत बोलवावे. येत्या एप्रिलपूर्वी एवढे झाले, तरी करवतीला प्रथमच हिशेब द्यावा लागेल.