मूल गप्प झालंय? सब्र शिकवण्याआधी त्याचं ऐकून घ्या

२५ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रकरण आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं होतं, पण सूचना देशभरातल्या शाळा, कॉलेज, क्लासेस आणि वसतिगृहांना लागू आहेत. एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातले होते. त्यामुळे हा विषय आपल्या घरापासून लांबचा नाही.

कोर्ट म्हणतं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवावा. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावावेत आणि मार्कांवरून मुलांचा चारचौघांत अपमान करू नये. आता प्रश्न असा, की आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत, मुलींच्या हायस्कूलमध्ये यातलं काय झालंय? पुढच्या पालक सभेत फी आणि युनिफॉर्मसोबत हेही विचारायला हवं. मदरशांच्या जिम्मेदारांनीही आपल्या वसतिगृहात हे स्वतःहून सुरू करावं.

पण कोर्ट घरात येऊन बसणार नाही. घरातली अडचण वेगळी आहे. खुदकुशी हराम आहे, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. म्हणूनच मनात तसा विचार आला की ते बोलत नाही. आपण गुनहगार आहोत, अम्मी-अब्बूंना तोंड कसं दाखवायचं, असं त्याला वाटतं. वरून आपण म्हणतो, "नमाज पढ, सगळं ठीक होईल." नमाजने दिलाला सुकून मिळतोच. पण ताप आला तर आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही नेतो. मग मनाच्या आजाराला फक्त ताबीज का? हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी त्यांचा सब्र कमी ठरला नाही. दुःख बोलून दाखवणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे.

काही खुणा ओळखा. मूल दोस्तांपासून तुटतं, झोप-जेवण बिघडतं, उकाड्यातही हात झाकून ठेवतं, आवडत्या वस्तू वाटून टाकतं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलतं. स्वतःला इजा करणं हे नाटक नसतं. सहन न होणारी वेदना ते मूल अशा रीतीने बाहेर काढत असतं. त्यामागे एकच कारणही क्वचितच असतं. निकाल, घरातले वाद, मोबाईलवरची बदनामी, उदासीचा आजार, असं बरंच काही साठलेलं असतं.

अशा वेळी ओरडू नका, कसम घालू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "बेटा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला जागा मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचाराची चौकशी करा. टेली-मानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि २४ तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२.

पोलीस केस होईल म्हणून बरीच घरं प्रकार दाबतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं, तिला शिक्षा नाही. तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. तेव्हा इलाज लपवू नका.

इमाम साहेबांनी एका जुम्याच्या बयानात हा विषय घेतला आणि मस्जिदीच्या फलकावर १४४१६ लिहिला, तर आमच्या दहा पालक सभांपेक्षा जास्त काम होईल. लोक काय म्हणतील, याची फिक्र मुलाच्या जिवापेक्षा मोठी नाही.