वाटेवरचा नमस्कार



रविवारची मिस्सा आटोपली की आम्ही दोघे धर्मशिक्षक एकाच मोटारसायकलवरून सिल्वासाहून खानवेलच्या वर्गाला निघतो. वीसेक किलोमीटरची वाट. पावसाळा सरला की या वाटेवर मुंबई-सुरतेकडून आलेले बुलेटवाल्यांचे जथे दिसतात, दुधनीचा जलाशय पाहायला निघालेले. समोरून दुसरा जथा आला की यांचा डावा हात हँडलवरून सुटतो, अंगठा वर होतो आणि दोघेही आपापल्या वाटेने पुढे. ओळख ना पाळख!

ही रीत आम्हांला मनापासून आवडते. हार्ले आणि डेव्हिडसन यांनी रस्त्यात एकमेकांना हात केला, लोकांनी तो पाहून उचलला, अशी एक दंतकथा सांगतात. त्यांची कंपनी १९०३ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मोकळा डावा हात समोरच्याच्याच बाजूला येतो. आपल्याकडे उलटे. समोरचा आपल्या उजवीकडून जातो, आणि उजवा हात तर रेस धरून बसलेला. मग पलीकडचा डावा हात उंच करायचा, नाहीतर नुसती मान हलवायची. इंग्लंडातही बहुतेक मानच हलवतात. फ्रान्समध्ये मोटारवाल्याने वाट दिली की दुचाकीवाले पाय बाहेर काढून आभार मानतात म्हणे. आमच्या आईने हे पाहिले असते तर पाठीत धपाटाच घातला असता!

दोन चाकांवरचा माणूस उघडा असतो. ऊन, पाऊस, खड्डा, भटके कुत्रे, सारे थेट अंगावर. म्हणून त्याला दुसऱ्या उघड्या माणसाची कदर असते, असे आम्ही समजत होतो. पण पाहिले तर हा हात बुलेटकडून बुलेटलाच जातो. पिपरिया-मसाटच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारा कामगार, एका गाडीवर तिघे बसून निघालेले वारली भाऊ, दुधाचे कॅन लटकवलेला भैया, हेही दोन चाकांवरच आहेत. त्यांना कोणी अंगठा दाखवत नाही. आमच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीलाही नाही, आणि त्याचे थोडे वाईट वाटते हे कबूल करतो. मत्तय ५:४७ मध्ये येशू नेमके हेच विचारतो: आपल्याच भावाबंधांना नमस्कार केला तर त्यात विशेष ते काय केले? तेवढे तर परके लोकही करतात.

बुलेटवाल्यांना बोल लावणे सोपे आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही काय केले ते सांगतो. खानवेलहून परतताना, दिवेलागणीच्या सुमारास, रस्त्याकडेला गाडीजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने हात वर केला. आम्ही खूश! शेवटी कोणीतरी आम्हांलाही विचारले. हसून, हात उंचावून पुढे गेलो. किलोमीटरभर गेल्यावर मागून आवाज आला, “अहो सर, त्याचं मागचं चाक बसलेलं होतं ना?”

होते. पण आम्ही वळलो नाही. अंधार पडत होता, रोझरीला उशीर होत होता.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू बहात्तर शिष्यांना पाठवताना बजावतो, वाटेत कोणाला नमस्कार करत बसू नका. इतकी वर्षे हे वचन आम्हांला खटकत असे. वर्गात मुलांनी विचारले की आम्ही घाईघाईने पुढच्या ओळीवर जात असू. त्या रात्री तोच अध्याय पुन्हा काढला. थोडे पुढे यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला, अर्धमेला माणूस पडलेला आहे. याजक गेला, लेवी गेला, दोघेही बाजूने. शोमरोनी आला. त्याने नमस्कार केला असे कुठेही लिहिलेले नाही. तो थांबला, जखमा बांधल्या आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले. नमस्काराची मनाई आणि ही गोष्ट एकाच अध्यायात येते, याकडे आमचे लक्ष तोवर कधी गेले नव्हते.

आता पिशवीत धर्मशिक्षणाच्या पुस्तकांबरोबर पंक्चरचे सामान आणि हवेचा छोटा पंप असतो. कोणी हात केला की आम्ही आधी ब्रेक दाबतो. मागच्या रविवारी एका म्हाताऱ्या वारली बाबांनी सायकलवरून हात वर केला. आम्ही करकचून थांबलो, गाडी वळवली, पंप काढला, विचारले, “काय झालं बाबा?”

ते आमच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “काय नाय. असाच हात केला.”