आंधळ्या वासराचा वाटा

वासरू आंधळे जन्मले की अल्पभूधारकाच्या घरी पहिला विचार होतो तो हिशेबाचा. दोन-तीन गुरे, कुळागराच्या कडेला लहानसा गोठा आणि पावसाळ्यापर्यंत पुरवावयाचा पेंढा, एवढ्यावर ज्याचा संसार चालतो त्याला या हिशेबाबद्दल नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि हा हिशेब बहुधा पहिल्या आठ दिवसांतच उरकला जातो आणि वासराच्या नशिबी हमरस्ता येतो, ही गोष्ट गंभीरपणे विचारात घेण्याजोगी आहे.

निदानाची घाई हा यातील पहिला दोष होय. डोळ्यांसमोर हात नेला असता पापणी मिटण्याची प्रतिक्रिया निरोगी वासरातही जन्मतः नसते. ती यायला सुमारे आठवडा लागतो. वासरू भिंतीवर आदळत असेल, पाय नको तितके उंच उचलीत असेल, कान सतत फिरवीत असेल, तर पशुवैद्याला बोलवावे. डोळ्यांतून पाणी गळून बुबुळावर फूल पडू लागले असेल, तर तो माश्यांमार्फत पसरणारा संसर्ग असू शकतो आणि वेळीच औषध झाल्यास दृष्टी वाचते.

जन्मजात अंधत्वाचे एक कारण गाईच्या गव्हाणीत सापडते. महिनोन्महिने केवळ वाळल्या पेंढ्यावर राहिलेल्या गाभण गाईला ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. मग गर्भाच्या कवटीतील ज्या छिद्रातून दृष्टीची नस जाते ते अरुंद राहते, नस दबते, आणि ही हानी पुढे भरून येत नाही. उन्हाळ्यात थोडा हिरवा चारा, शेवग्याचा पाला दिला, तर हे संकट टळू शकते. काही वेळा अंधत्वामागे विषाणू किंवा आनुवंशिक दोष असतो. तशी शंका असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून त्या कालवडीची वीण घेऊ नये.

रोगाशी झुंजण्याची शक्ती वासराला गर्भात असताना आईच्या रक्तातून मिळत नाही. ती चिकातून मिळते. म्हणून जन्मल्यावर दोन तासांच्या आत ते चीक प्यायले पाहिजे आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. आंधळ्या वासराला आचळ सापडत नाही; त्याचे तोंड हाताने तेथे न्यावे लागते. घरात खरवस व्हावा, पण वासराचा वाटा निघाल्यानंतर.

माणसाळविण्याची रीत सोपी आहे. तिला चिकाटी मात्र हवी. जवळ जाण्यापूर्वी बोलावे, मग खांद्यावर हात ठेवावा. न बोलता पाठीमागून स्पर्श करू नये. गव्हाण, पाण्याचे भांडे आणि बांधण्याचा खुंटा यांची जागा बदलू नये. काटेरी तार काढावी, खड्डे बुजवावेत, विहिरीला कठडा घालावा. म्होरकी लहानपणीच चढवावी, आणि ‘चल’, ‘थांब’ हे शब्द घरातल्या सर्वांनी एकाच सुरात वापरावेत. गळ्यात घंटा बांधलेली एखादी शांत गाय सोबतीला असली, तर वासरू तिच्या आवाजामागून चरायला जाते. पाडा असेल तर त्याला एकटा, केवळ माणसांच्या लाडात वाढवू नये. असा पाडा मोठेपणी माणसांवरच धावून जाण्याचा धोका असतो. त्याला इतर गुरांतच वाढू द्यावे.

एवढे केले तर कालवडीची गाय होते, आणि आंधळ्या गाईचे दूध डोळस गाईच्या दुधाहून पातळ नसते.

गोव्यात गोहत्याबंदीचा कायदा १९७८ पासून आहे. जनावराचे उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सबळ कारणावाचून सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे. म्हणजे वासराला मारू नये आणि सोडू नये, एवढे कायदा सांगतो. त्याला खाऊ कोणी घालावे, हे तो सांगत नाही. तो भार एकट्या गरीब शेतकऱ्यावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. दुभती जनावरे विकत घेण्यासाठी शासकीय साहाय्य मिळते. अधू वासरू सांभाळणाऱ्यालाही चाऱ्यापुरता हात मिळाला पाहिजे. गाभण गाईंच्या शेवटच्या महिन्यांत हिरव्या चाऱ्याची वा जीवनसत्त्वाची सोय करणे हे दूध संस्थांना अशक्य नाही, आणि रस्त्यावरील गुरे पकडून कोंडण्यापेक्षा ते खचितच शहाणपणाचे ठरेल.

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो आणि गोरवांच्या पाडव्याला गुरांच्या गळ्यात माळा घालतो. त्या पूजेतील वासरू धडधाकटच असावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.