व्यायामशाळेचे दार

दौलताबादचा गड चढणाऱ्याला स्त्री की पुरुष असे कोणी विचारीत नाही. महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत मात्र तृतीयपंथी विद्यार्थी कपडे बदलण्याच्या खोलीपाशीच अडतो. मुलांकडे टवाळी, मुलींकडे संकोच. अखेर व्यायामच सुटतो. वास्तविक २०१९च्या तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षण कायद्यातील कलम १३ने खेळाची समान संधी देण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर राज्य शासन पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी शारीरिक चाचणीचे निकष ठरविण्यास राजी झाले. निकष ठरले, तरी सराव कुठे करायचा?

हे पाश्चात्त्य थेर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी विराटाघरची बृहन्नडा आठवावी. हिंदू समाजाने तृतीयपंथीयांकडे समस्या म्हणून पाहिले नाही, असे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३मधील मुलाखतीत सांगितले होते. मग व्यायामशाळेच्या दाराशीच ही समस्या कुठून उपटली? परदेशी शब्दावली उसनी आणण्याचे कारण नाही (ती येथे रुजतही नाही). आतून कडी लागणारी एक खोली, सरावाची ठरलेली वेळ आणि टवाळखोरांना दटावणारा शिक्षक, एवढे पुरते. छत्रपती संभाजीनगर परिसरातील शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणींवर असलेल्या कार्यकर्त्यांनी हा विषय पुढच्याच बैठकीत मांडावा.