परगांवचा श्रावण

गेल्या वर्षींचा श्रावण आम्हांस घरीं घडला नाहीं. आमचे चिरंजीव फ्रान्समध्यें दिजों येथें अध्यापन करितात. त्यांच्या आग्रहावरून सौभाग्यवतींसह आम्ही दोन महिने तिकडे राहून आलों. त्यांचें बिऱ्हाड दिजोंच्या दक्षिणेस बोन नांवाच्या लहानशा गांवीं आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास, सभोंवार द्राक्षांचे मळे, आणि मध्यभागीं रंगीत कौलांचें एक जुनें रुग्णालय. बर्गंडीच्या ड्यूकचे प्रधान निकोला रोलें यांनीं १४४३ सालीं तें दीनदुबळ्यांसाठीं स्थापिलें. १९७१ सालीं रुग्ण नव्या इमारतींत गेले व आतां लोक तें पाहावयास येतात. परंतु प्रेक्षणीय स्थळांचीं वर्णनें वाचकांस अन्यत्र मिळतील. सुटीच्या दिवसांत तेथील साधा संसार कसा चालतो, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

ऑगस्ट हा त्या देशाचा सुटीचा महिना. १९३६ सालच्या कायद्यानें कामकऱ्यांस प्रथम दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९८२ पासून ती पांच आठवड्यांची झाली. आपल्याकडील मे महिन्याप्रमाणें ही सुटी केवळ मुलांची नव्हे. पाववाला, न्हावी, वैद्य सर्वच तिचे धनी. दारावर रजेची पाटी लावून व परतण्याची तारीख लिहून दुकानदार खुशाल निघून जातो. गिऱ्हाइकें रागावत नाहींत, कारण बहुधा तींहि गांवीं नसतात!

आम्ही शाकाहारी. तेथील पुष्कळसें चीज वासराच्या जठरांतील रसानें दूध विरजून करितात असें कळतांच सौभाग्यवतींनीं तें वर्ज्य केलें. राहिली शनिवारच्या बाजारांतील भाजी-फळें, आणि पाव. १९९३ च्या नियमाप्रमाणें 'परंपरागत' म्हणून विकावयाचा पाव गोठवतां येत नाहीं व त्यांत टिकाऊपणाचीं द्रव्यें घालतां येत नाहींत. म्हणून तो रोज सकाळीं आणावा लागतो. पहिल्या दिवशीं आम्हीं दुकानांत शिरून पावाकडे बोट दाखविलें. बाई हालेनात. "बोंझूर," त्या म्हणाल्या, व थांबल्या. दुकानांत शिरणें म्हणजे दुसऱ्याच्या घरांत शिरणें. आधीं नमस्कार, मग काम, हें मागून चिरंजीवांनीं समजाविलें. ज्यानें जन्मभर मुलांस शिष्टाचार शिकविला, त्यास हा धडा साठीनंतर मिळाला.

शेजारीं ऐंशी उलटलेल्या एक बाई एकट्या राहत. त्यांचा मुलगा सहकुटुंब समुद्रकांठीं गेलेला. ऊन फार तापलें त्या दिवशीं त्यांस नगरपालिकेकडून विचारपूस आली: पाणी पितां ना, खिडक्या मिटल्या आहेत ना? चौकशी करितां कळलें कीं, ऑगस्ट २००३ मध्यें त्या देशांत उष्म्यानें सुमारें १५,००० माणसें दगावलीं. बहुतेक वृद्ध, कित्येकांचे आप्त सुटीवर. पॅरिसमधील ज्यांच्या देहांस कोणी वारस आला नाहीं, त्यांस तिए येथील दफनभूमींत पुरलें, तेव्हां स्वतः राष्ट्राध्यक्ष शिराक उपस्थित होते. पुढें २००४ च्या कायद्यानें प्रत्येक नगरपालिकेनें एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवावी असें ठरलें.

हें ऐकून आम्हांस आपल्या एकत्र कुटुंबाचा अभिमान दाटून आला. धाकट्या बंधूंस तसें सविस्तर पत्र लिहावयास बसलों. सौभाग्यवती जवळच वाती वळीत होत्या. मजकूर ऐकून त्या एवढेंच म्हणाल्या, "आत्याबाईंचें विसरलांत वाटतं?"

विसरलों नव्हतों. घरांत सतरा माणसें असतांना, एका लग्नाच्या गडबडींत, आमच्या विधवा आत्याबाई माजघराशेजारच्या खोलींत दोन दिवस तापानें पडून होत्या. पेज दुसऱ्या कोणीं तरी नेली असेल, असें प्रत्येकास वाटलें. तिसऱ्या दिवशीं मोलकरणीनें हांक मारली तेव्हां आम्ही धांवलों. आत्याबाई त्या दुखण्यांतून उठल्या, पुढें नऊ वर्षें जगल्या, आणि त्या दोन दिवसांविषयीं कधीं अवाक्षर बोलल्या नाहींत. आम्हींहि क्षमा मागितली नाहीं. आतां ती कोणाजवळ मागणार?

पत्र तसेंच मिटून ठेविलें. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकाऐवजीं दोन पाव आणूं लागलों. एक शेजारीं द्यावयाचा. दार उघडलें कीं आधीं "बोंझूर". भाषा तेवढ्यावरच संपे. पण बाई बसावयास खुर्ची देत, मुलाची तसबीर दाखवीत, आणि आम्ही दोघें आपलें मराठींत बोलत असूं. त्यांचा मुलगा महिनाअखेर परतला, तो आमच्याकडे जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन आला.

तेथें सरकारास वही ठेवावी लागते, यांत उणेपण आहे खरें. पण निदान ती वही कोणी उघडून पाहतें. आपल्याकडे माणसें पुष्कळ, म्हणून पाहण्याचें काम कोणाचेंच राहत नाहीं, असें होऊं नये. वाचकहो, आज रात्रीं पानें मांडाल तेव्हां, घरांतील कोणाचें पान राहिलें तर नाहीं ना, तेवढें एकदां मोजून पाहावें.